दोन भाकरींचं वजन

बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गात शेकडेवारीची उदाहरणं घेत होते. वर्गात माझा मोबाइल बंद असतो, म्हणून दीरांनी शाळेच्या ऑफिसात फोन केला आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, घरून फोन आहे. अर्जंट म्हणतायत." दीर एवढंच म्हणाले, "वहिनी, सरला मशीनजवळ पडली... बोलत नाही." मी रिक्षानं दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की ती नस आधीपासूनच कमजोर असणार, बाहेरून कळलं नसतं, आणि तिच्या वजनाचा किंवा खाण्यापिण्याचा यात काही दोष नाही. मी ते नीट ऐकलं, समजूनही घेतलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे बोलले ते हे सगळं ऐकलेलं असताना बोलले.

सरला माझी धाकटी जाऊ. वय अठ्ठेचाळीस. त्या संध्याकाळी घरात माणसं जमत होती तेव्हा मी पर्समधून जेवणाचा डबा काढला. सकाळी तिनंच भरून दिला होता. दोन भाकऱ्या, भरीत, कोपऱ्यात ठेचा. भाकऱ्या मी दारातल्या गायीला घातल्या, डबा घासला आणि पालथा ठेवला. मी अशीच आहे. रडणारे पुष्कळ होते, भांडी घासायला कुणी नव्हतं.

तेराव्याला गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. एकजण म्हणाली, "डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलं होतं ना तिला? ती तर डॉक्टरशीच भांडून आली होती म्हणे." दुसरीनं मान हलवली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मी, शिक्षिका मी, शेवटचा शब्द माझा. आणि मी म्हटलं, "हो ना. ऐकायची कुठे ती कुणाचं." सरलाची मुलगी पल्लवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. ट्रे ठेवला आणि आत गेली.

मी म्हटलं ते खोटं होतं. हा लेख त्या एका वाक्यापायी लिहिते आहे. पण ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज कसं बाहेर पडलं, हे सांगायचं तर मागे जायला हवं.

सरला दापोऱ्याची. वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं आणि ही त्या दुकानातच वाढलेली. लग्नात भांड्यांबरोबर तिनं वडिलांची एक जुनी पितळी तागडीही आणली. सासूबाईंनी विचारलं, "हे कशाला गं?" तर म्हणाली, "सवय आहे." खरं तर तिला तागडी लागायचीच नाही. मूठभर डाळ हातात घेऊन ती वजन सांगायची आणि ते तंतोतंत निघायचं. पाहुणे आले की सासूबाई हा खेळ दाखवायला लावायच्या. "सरला, हा बटाटा किती?" सगळे हसायचे, वाहवा करायचे. मी गणितात एम.एस्सी. करून या घरात आले होते, पण मला कुणी कधी काही करून दाखवायला सांगितलं नाही. वर्गमूळ काढून दाखवलं तर टाळ्या पडत नाहीत. तेव्हापासून मी तिच्यावर जळत आले. जळणं याला दुसरा शब्द मला माहीत नाही आणि शोधायचाही नाही.

आमच्या घरात स्वयंपाकाची वाटणी साधी होती. सकाळ तिची, संध्याकाळ माझी. सकाळी मी शाळेच्या गडबडीत असायची, म्हणून सगळ्यांच्या भाकऱ्या आणि माझा डबा तिच्याकडे. दुपारी ती खालच्या खोलीत कांड्यांच्या मशीनवर उभी राहायची. दीरांचा सुताचा धंदा आहे, मागवाल्यांना लागणाऱ्या, सूत गुंडाळलेल्या कांड्या आमच्याच घरी भरतात. या अशा दिवसातही तिचं अंग भरत गेलं, माझंही भरत गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा, तीनेक वर्षांपूर्वी, आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे गेलो. तरुण होता, बोलायला गोड. त्यानं दोघींना काट्यावर उभं केलं आणि मशीनमधून दोन कागद काढून दिले. दोन्ही कागद एकच. दिवसाला बाराशे कॅलरी. सकाळी हे, दुपारी दोन पोळ्या, संध्याकाळी एक पोळी, तेल इतकं, साखर नाही. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. सरला मात्र तिथेच बसून सगळा वाचत बसली.

"साहेब, एक बात विचारू?"

"पूछो ना भाभी."

"आमच्या ताई शाळेत खुर्चीवर असतात..."

"मी उभी राहून शिकवते," मी म्हटलं.

"बरं, उभ्या राहून शिकवतात. मी दुपारभर कांड्या भरते, तीन मजले पाणी चढवते. ताई माझ्याहून वीतभर उंच. मग दोघींना एकच आकडा कसा? तुम्ही मला विचारलंच नाही मी दिवसभर काय करते."

डॉक्टर म्हणाला, सुरुवातीला तो सगळ्यांना हेच देतो. त्यावर ती म्हणाली, "सगळ्या बायकांना एकाच मापाचं ब्लाउज शिवून चालेल का साहेब?" दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्या बायका खो-खो हसल्या. माझे कान तापले. रिक्षात मी तिला झापलं, "डॉक्टरला असं विचारतात का?" ती म्हणाली, "मग कोणाला विचारू ताई? रिक्षावाल्याला?" रिक्षावालाही हसला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तिच्या पिशवीत तागडी होती. टेबलावर तिनं फडकं उलगडलं. आत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, गरम, तव्याएवढी. "साहेब, तुमच्या कागदावर पोळी लिहिलीय. आमच्याकडे पोळी सणाला. रोज ही. आता सांगा, ही एक म्हणजे तुमच्या किती?" डॉक्टरचा डबा बाजूलाच होता. तिनं बेधडक मागितला. एका पारड्यात भाकरी, दुसऱ्यात डॉक्टरच्या घरचे फुलके, एकेक करून. डब्यात चार होते. चारही संपले तरी भाकरीचं पारडं खालीच. डॉक्टर आधी लाजला, मग खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसला, आणि मग... हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं... त्यानं पेन घेतलं, कोरा कागद घेतला आणि तिला विचारत बसला. कधी उठता, किती चालता, दूध कोणतं, मशीनवर किती वेळ, भूक केव्हा लागते. अर्धा तास. शेवटी हातानं लिहिलेला कागद तिला दिला. त्यातला आकडा बाराशेच्या बराच वर होता आणि भाकरी भाकरीच्या नावानं लिहिली होती. तो कागद तिनं स्वयंपाकघरात लावला आणि त्याप्रमाणे ती खात राहिली, तापीच्या काठानं चालत राहिली, दर दोन महिन्यांनी जाऊन दाखवत राहिली. याला ऐकणं नाही तर काय म्हणतात?

माझ्याकडे छापील कागदच राहिला. मीही विचारू शकले असते. उत्तराशेजारी एकक लिहिलं नाही म्हणून मुलींचा अर्धा गुण कापणारी मी, 'दोन पोळ्या' म्हणजे केवढ्या, हे विचारलं नाही. कारण प्रश्न आधीच तिचा झाला होता. मी विचारला असता तर लोक म्हणाले असते, जावेचं बघून विचारला. तिची ती तागडीची गोष्ट गल्लीत आठवडाभर फिरली. सासूबाई तर फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटल्या. मी ठरवलं, आपण हिला दाखवून द्यायचं. छापील कागद अक्षरशः पाळायचा, जराही इकडेतिकडे नाही.

तिला म्हटलं, "माझ्या दोन भाकऱ्या वेगळ्या कर. डॉक्टरच्या फुलक्याएवढ्या. तोलून." ती म्हणाली, "ताई, एवढ्यात तुमचं काय होणार?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू तुझा कागद बघ." मग ती लहान मुलांना करतात तशा दोन चानक्या करायची, माझ्यासमोर तोलून. वजन भराभर उतरलं. मी खूश होते. केसही गळत होते, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलींवर ओरडत होते, पण त्याचा काटा कुठे असतो? दोन महिन्यांनी सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जाग आली तेव्हा मी स्टाफरूमच्या बाकावर होते आणि पीटीच्या मॅडम वहीनं वारा घालत होत्या. घरी सांगितलं, ऊन लागलं.

सरलानं भांडी लावता लावता विचारलं, "ऊन लागलं? सकाळी साडेसातला?"

मी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

"तुमचा आकडा कमी पडतोय, ताई. साहेबांना एकदा विचारा ना."

"मी तुझ्यासारखा तमाशा करणार नाही."

"मग मी विचारू?"

"खबरदार!" मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि वाट्या फळीवर लावत राहिली.

त्यानंतर तिनं माझ्यासमोर तोलणं सोडलं. म्हणायची, "आता हाताला बसलं, ताई." मला चक्कर पुन्हा आली नाही. मी समजले, शरीराला सवय झाली. शिस्तीचं फळ. मध्ये एकदा लक्षात आलं की भाकऱ्या जरा जाड होतायत. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला. "काय गं, हात जड झाला का तुझा? केवढी जाड ही!" ती हसली. "वय झालं ताई. हाताला पहिल्यासारखं कळत नाही आता." खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिच्या हाताचा अंदाज चुकत होता आणि तो चुकताना पाहणारी मी होते. मी मोठ्या मनानं म्हटलं, "असू दे, असू दे."

दीड वर्षात माझं वजन आठ किलो उतरलं. तिचं पाच. डॉक्टर मला बघून इतर पेशंटना म्हणायचा, "इन मॅडम से सीखो. शिस्त याला म्हणतात." मी सरलाकडे पाहायची. ती फडक्याची घडी घालत असायची. एकदा परतताना चौकात तिनं मावा जिलबी घेतली, तिच्या कागदावर महिन्यातून एकदा अर्धी होती. उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं आणि वर सुनावलं, "बघ, प्रश्न न विचारताही होतं." ती म्हणाली, "होतं ना, ताई. का नाही होणार?" आणि माझी अर्धीही खाऊन टाकली. बोटं चाटली. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं. मी पुष्कळदा आठवून पाहिलं... काहीही नव्हतं.

तेराव्यानंतर पल्लवी माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिला इंदूरला नोकरीवर परत जायचं होतं, पण महिनाभर राहिली आणि सकाळच्या भाकऱ्या तिनं अंगावर घेतल्या. एका सकाळी मी शाळेची साडी नेसून स्वयंपाकघरात गेले, तर तिनं खिळ्यावरची तागडी उतरवून पुढ्यात ठेवली होती. एका पारड्यात पिठाचा उंडा, दुसऱ्यात खिडकीतला काळा गुळगुळीत गोटा. तापीतला असावा. तो गोटा मी दोन-अडीच वर्षं पाहत होते. लोणच्याच्या बरणीवर ठेवायचा समजत होते. उगाच जागा अडवतो म्हणून एकदा सरलाला बोललेही होते.

"हा कशाला घेतलास?"

"हा तुमचा आहे, मोठी आई," पल्लवी म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं गॅस बारीक केला. "सच सांगू? मम्मीनं मना केलं होतं. तुम्हाला शाळेत चक्कर आली ना, तेव्हा मम्मी मला घेऊन साहेबांकडे गेली. तुमचं पूर्ण सांगितलं. किती वाजता उठता, शाळेत किती जिने, संध्याकाळचा स्वयंपाक, सगळं. साहेब बोलले, हो, यांना कमी पडतंय, यांना पाठवून द्या. मम्मी बोलली, त्या येणार नाहीत साहेब, तुम्ही मला वजन सांगा, मी उंड्यात घालते. मग नदीवरून हा गोटा आणला, त्या वजनाचा, हातात धरून उंड्याचा अंदाज घ्यायला. एकदम नाही वाढवलं. आधी थोडं, मग थोडं. तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून."

"आणि ती काय म्हणायची?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

पल्लवीनं उंडा उचलून परातीत थापायला घेतला. "बोलायची, ताईंना अक्कल खूप आहे, विचारायची लाज वाटते." मग थांबून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बायकांसमोर बोललात ना, तेव्हाच सगळं सांगणार होते. मग वाटलं, मम्मी मलाच रागावेल."

वाचकांना वाटेल की मी तिथे रडले असेन. नाही. मला आधी आला तो राग. माझ्या आयुष्यात एक गोष्ट होती जी मी एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय, तिच्या नाकावर टिच्चून करून दाखवली होती. ते आठ किलो माझे होते. आता तेही तिचेच निघाले. माझी शिस्तसुद्धा तिनं परातीत मळून मला डब्यात दिली होती. आणि ज्या जाड भाकरीवरून मी तिला टोमणा मारला, ती जाड भाकरीच मला शाळेत उभी ठेवत होती. पुरावा म्हणून शेवटचा डबा तरी हवा होता. तो मीच गायीला घातला.

पुढच्या तपासणीला मी एकटी गेले. पिशवीत स्वतः केलेली एक भाकरी घेतली, सरलाच्याच फडक्यात बांधून. डॉक्टरला सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी त्यांना म्हटलं होतं की तुम्हाला सांगायला हवं. पण त्यांनी हात जोडले. बोलल्या, सांगितलं तर ताई खाणं सोडतील." मी फडकं उलगडलं. त्यानं भाकरी उचलली, तळहातावर जराशी हलवली आणि म्हणाला, "भाभींची याहून जड असायची."

माणूस मेला तरी मत्सर मरत नाही, हे मला त्या खुर्चीत कळलं. डॉक्टरच्या हातालासुद्धा तिचं वजन ठाऊक होतं. तरी मी तिथून उठले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "साहेब, माझा आकडा किती असायला हवा? आणि का?" त्यानं कोरा कागद घेतला. माझ्यावर पंधरा मिनिटं खर्च केली, तिच्यावर अर्धा तास केला होता. असो. बाहेर रांग होती.

तेराव्याला आलेल्या बायकांना मी एकेकीला गाठून सांगितलं की मी खोटं बोलले, सरला डॉक्टरचं ऐकत होती, फक्त आधी विचारून घेत होती. दोघींनी ऐकून घेतलं. एक म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, गेली ती." चौथीनं विषय बदलून वांग्यांचा भाव विचारला. तेव्हा ठरवलं की हे लिहायचं, म्हणजे विषय बदलता येणार नाही.

पल्लवी गेल्या आठवड्यात इंदूरला गेली. आता सकाळही माझी. पाणी तापत ठेवते, पीठ भिजवते, तागडी खिळ्यावरून काढते. एका पारड्यात गोटा ठेवते. मग परातीतून अंदाजानं उंडा तोडते आणि दुसऱ्या पारड्यात टाकते. तिला हे कधी लागत नव्हतं, मला रोज लागतं. इतक्या दिवसांत एकदाही माझा उंडा जास्त भरला नाही. नेहमी कमीच भरतो. गोट्याचं पारडं खाली बसलेलं असतं आणि माझं वर. मग मी परातीतून पिठाचा एक तुकडा तोडून त्यात घालते. पारडं हलतं, खाली येत नाही. आणखी एक तुकडा घालते... आणखी एक.